छप्पर, जमीन आणि शेजारधर्म

केंटकी राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, कम्बरलँड नदीच्या काठी बार्बरव्हिल नावाचं लहानसं गाव आहे. १९६९ च्या उन्हाळ्यात ग्लेन इव्हान्स या मेथडिस्ट पाळकांनी तिथे पन्नासेक मुलं आणि मोठी माणसं गोळा केली आणि आजूबाजूची चार घरं दुरुस्त केली. इव्हान्स मूळचे टेक्सासचे, त्यामुळे सगळे त्यांना ‘टेक्स’च म्हणत. त्या चार घरांतून ‘अ‍ॅपलाचिया सर्व्हिस प्रोजेक्ट’ ही संस्था उभी राहिली. आज तिचं मुख्य कार्यालय टेनेसीतल्या जॉन्सन सिटीत आहे आणि केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांच्या डोंगराळ भागात दर उन्हाळ्यात तिच्या तुकड्या हातोड्या-करवती घेऊन उतरतात. घर आहे त्याहून थोडं उबदार, थोडं सुरक्षित आणि थोडं कोरडं करून द्यायचं, एवढंच त्यांनी आपल्यापुढे ठेवलेलं काम. पन्नासहून अधिक वर्षं झाली, पण त्यात फरक पडलेला नाही.

या पुस्तकाचा विषय म्हणजे असं काम करणारी माणसं. शेजाऱ्याचं गळकं छप्पर, कुजलेली जमीन, मोडकी पायरी नीट करण्यासाठी सुट्टीतला एखादा आठवडा बाजूला काढणारी ख्रिस्ती मंडळी, आणि ती ज्यांच्या दाराशी जाऊन उभी राहतात ती कुटुंबं. दोघांनाही सारखी जागा द्यायची असं ठरवून मी लिहायला बसले होते. लिहिता लिहिता माझा ओढा घरात राहणाऱ्यांकडे वाढत गेला. तसं का झालं, ते याच प्रस्तावनेत सांगायचं आहे.

मी अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, मराठी ख्रिस्ती मंडळीत वाढले. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले. त्यांनी शाळा काढल्या, पुढे दवाखाने उभारले, आणि त्यांच्याबद्दलची कृतज्ञता आमच्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. अमेरिकन ख्रिस्ती माणूस म्हणजे देणारा माणूस, हे समीकरण आमच्या मनात इतकं पक्कं होतं की त्याच्या स्वतःच्या देशात न्हाणीघराची जमीन खचलेल्या घरात कुणी म्हातारं माणूस एकटं राहत असेल, हे कधी डोक्यात आलंच नाही. अ‍ॅपलाचियाच्या डोंगरांत ते दिसलं. त्या लोकांविषयी मराठीत लिहावंसं वाटलं त्याचं मूळ तिथे आहे.

अ‍ॅपलाचिया हा अ‍ॅपलाचियन पर्वतरांगेच्या कडेने उत्तर-दक्षिण पसरलेला पट्टा. १९६५ साली अमेरिकी सरकारने त्याच्या विकासासाठी वेगळा आयोग नेमला. त्या आयोगाच्या हद्दीत आज १३ राज्यांचा भाग येतो. आदल्या वर्षी, एप्रिल १९६४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन पूर्व केंटकीतल्या आयनेझ गावाजवळ एका साध्या घराच्या ओसरीवर जाऊन बसले होते. त्यांनी पुकारलेल्या गरिबीविरुद्धच्या लढाईचं ते छायाचित्र देशभर गाजलं. नंतर कित्येक वर्षं पत्रकार त्याच दाराशी येऊन, गरिबी हटली का, असं विचारत राहिले. डोंगरातल्या माणसांच्या मनात कॅमेऱ्याविषयी जी अढी आहे ती अशा अनुभवांतून आलेली आहे. पायांत बूट नसलेला, अडाणी, दारुडा डोंगरवासी हे अमेरिकी विनोदाचं जुनं गिऱ्हाईक. मदत घेऊन येणाऱ्या गाडीतही तो विनोद बसलेला असू शकतो, हे तिथल्या लोकांना चांगलं ठाऊक असतं.

या भागाची घरं समजायची तर कोळसा समजून घ्यावा लागतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाणकंपन्यांनी मजुरांसाठी वसाहती बांधल्या. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, बऱ्याचदा देऊळही कंपनीनेच बांधलेलं. १९५० च्या सुमाराला खाणीत यंत्रं उतरली, माणसं कमी लागू लागली, आणि लाखो लोक ओहायो, मिशिगनच्या कारखान्यांकडे निघून गेले. मागे राहिलेल्यांना कंपन्यांनी ती घरं विकून टाकली. यातल्या पुष्कळ घरांना आत सांगाडाच नसतो. उभ्या फळ्या एकीला एक लावून ठोकायच्या, सांध्यांवर पट्ट्या मारायच्या, की झाली भिंत. थंडी अडवायला आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. अशी भिंत उघडली की जुन्या बातम्यांचे आणि जाहिरातींचे थर निघतात, आणि खिडकी बसवायला आलेल्या तुकडीच्या लक्षात येतं की खिडकी ठोकायला आत लाकूडच नाही.

दुसरा प्रकार ट्रेलरचा. कारखान्यात तयार करून चाकांवर ओढत आणलेलं आणि सिमेंटच्या ठोकळ्यांवर टेकवलेलं हे लांबट घर. जून १९७६ मध्ये अशा घरांसाठी देशभर एकसमान बांधकाम-नियम लागू झाले. त्याआधीच्या ट्रेलरांना कसलाच समान नियम नव्हता, आणि त्यांत अजूनही माणसं राहतात. त्यांच्या जमिनीत बहुधा लाकडाचा भुगा चिकटवून दाबलेले तक्ते वापरलेले असतात. पाणी मुरलं की हे तक्ते फुगतात, मग भुसभुशीत होतात. संडासाच्या बुडाशी एखादी बारीक गळती वर्षभर चालू राहिली तर वरचं लिनोलियम जसंच्या तसं दिसतं, पण खाली आधार उरलेला नसतो.

पूर्व केंटकीत दोन डोंगरांमधल्या अरुंद घळीला ‘हॉलर’ म्हणतात. अशाच एका हॉलरमधल्या ट्रेलरमध्ये मी एका तुकडीबरोबर गेले होते. पाच मुलंमुली, सगळी सोळा-सतरा वर्षांची, आणि दोन मोठी माणसं. घरात सत्तरी ओलांडलेल्या बाई एकट्या राहत होत्या. पहिला मुलगा आत शिरला तशा त्या म्हणाल्या, “तिथे नको रे बाळा, भिंतीकडेने ये.” त्यांना घराची इंच न् इंच जमीन पाठ होती. कुठे पाय टाकला तर चालेल, कुठे बोटांवर जायचं, कुठे अजिबात जायचं नाही, हे त्या मुलांना एकेक करून सांगत होत्या आणि स्वतः बोलता बोलता त्या वाटेने सहज फिरत होत्या. रात्री अंधारातही त्यांचं पाऊल चुकत नसणार. कुजत चाललेल्या घरात त्या वर्षानुवर्षं कशा राहिल्या, याचं उत्तर त्या चालण्यात होतं.

मग काम सुरू झालं. विजेच्या करवतीचं पातं तक्त्याच्या जाडीइतकंच खाली येईल असं बसवून घेतात, कारण खाली पाण्याचे नळ आणि वायरी असतात. सडलेला तुकडा कापून उचलला की आतलं उघडं पडतं: फाटून लोंबणारं थंडीरोधक अस्तर, उंदरांची घरटी, काळी पडलेली लाकडं. जो वासा अर्ध्यातच सडलेला असतो तो काढून टाकता येत नाही, वरची भिंत त्याच्यावर उभी असते. त्याच्या अंगाला अंग लावून नवा वासा बसवतात, दोघांना आरपार बोल्ट मारतात, आणि भार हळूहळू नव्यावर येऊ देतात. हे सगळं पोटावर पडून, एका हाताने बॅटरी धरून.

त्या दिवशी दुपारी तुकडीत वाद झाला. नवा तक्ता टाकायची वेळ आली आणि पाणसळ ठेवली तर बुडबुडा एका कडेला जाऊन बसला. गुण्या लावला तर खोलीच्या एकाही कोपऱ्यात काटकोन नव्हता. एका मुलीचं म्हणणं, जमीन सपाट झालीच पाहिजे, नाही तर आपण केलं काय? तुकडीबरोबरचे निवृत्त सुतार गृहस्थ शांतपणे म्हणाले, जमीन पाणसळीला धरली तर न्हाणीघराचं दार उघडणार नाही. घर तीस वर्षांत डावीकडे कलंडलं आहे, दारं-खिडक्याही त्याच्याबरोबर कलंडल्या आहेत आणि एकमेकांशी जुळून बसल्या आहेत. आपल्याला घराला धरून काम करायचं आहे. मुलगी थोडी नाराज झाली. मग तिनेच लाकडी पाचरी तासून तक्ता घराच्या कलाला जुळवून घेतला, आणि दार पहिल्याच खेपेला उघडलं.

दुरुस्ती बांधण्यापेक्षा कठीण असते असं मला वाटतं ते यामुळे. नवं घर बांधणाऱ्यापुढे मोकळी जागा आणि हातात नकाशा असतो. दुरुस्ती करणाऱ्याला आधीच्या माणसांनी, पावसाने, गरिबीने आणि घाईने जे करून ठेवलं आहे तिथून सुरुवात करावी लागते. कोकणात पावसाआधी शाकारणी करणारा माणूस जसा सगळी कौलं उतरवून नवी घालत नाही, वाजवून बघून फुटकं तेवढं बदलतो, तशीच ही नजर. टेक्स इव्हान्स आपल्या मुलांना माणसांविषयीही हेच सांगत. समोरचा जसा आहे आणि जिथे आहे तिथेच त्याला स्वीकारा. आधी सुधारा, मग तुमच्याकडे येतो, असं म्हणू नका. हे तत्त्व त्यांना चर्चमध्ये सुचलं की कुजक्या वाशांखाली, मला ठाऊक नाही, पण त्याची परीक्षा मात्र वाशांखालीच होते.

तुकडीचा आठवडा साधारण असा असतो. रविवारी मुलं येतात, एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेत हवेच्या गाद्या टाकून झोपतात, सोमवार ते शुक्रवार काम करतात, शनिवारी परत जातात. त्यांची येण्याजाण्याची, राहण्याची आणि बरीचशी सामानाची सोय त्यांनीच भरलेल्या पैशांतून होते. घर एका आठवड्यात क्वचितच पुरं होतं. एका तुकडीने जमीन उघडायची, दुसरीने वासे बसवायचे, तिसरीने तक्ते टाकायचे. सडकी जमीन उकरून काढणाऱ्या मुलांना नवी जमीन बघायला मिळत नाही. शुक्रवारी संध्याकाळी भोकावर प्लायवूडचा तुकडा ठोकून, खाली पुढच्यांसाठी चिठ्ठी लिहून, ती निरोप घेतात. या मुलांचा धीर मोठा असतो आणि त्याचं कौतुक नेहमी होतं. ते व्हायलाही हवं.

पण त्याच वेळी घरात काय चाललेलं असतं? दर सोमवारी सात नवी माणसं दारात. त्यांना पुन्हा तीच ओळख, तोच प्रश्न, तेच दाखवणं. न्हाणीघराला आठवडाभर जमीन नाही, म्हणून बहिणीकडे जाऊन अंघोळ. कपाटातली भांडी अंगणात ताडपत्रीखाली. हातोडी कशी धरायची ते कालच शिकलेला मुलगा तुमच्या आईच्या खोलीची भिंत फोडतो आहे, आणि तुम्ही त्याला लिंबाचं सरबत नेऊन देता. त्याने खिळा वाकवला की म्हणता, “असू दे, होतं असं.” हे सारं सात-आठ आठवडे. सेवेच्या गोष्टींत धीर नेहमी सेवा करणाऱ्याच्या नावावर लिहिला जातो. मी जे पाहिलं त्यात धीराचा मोठा वाटा घरात राहणाऱ्यांनी उचलला होता. आपल्या गरिबीचं आतलं अंग परक्या पोरांसमोर उघडं करायला आणि वर त्यांना शिकू द्यायला जो विश्वास लागतो, त्याला मी श्रद्धाच म्हणेन. हे पुस्तक मुख्यतः तेवढं सांगण्यासाठी लिहिलं आहे.

हे लोक नुसतं घेतही नाहीत. आठवड्याभरात मुलांना डोंगरातलं जेवण मिळतं: उकडलेल्या घेवड्याचं घट्ट कालवण आणि मक्याच्या पिठाची भाजलेली भाकर. खाणीतल्या गोष्टी मिळतात, काळ्या फुप्फुसाच्या आजारावर मिळणाऱ्या भरपाईसाठी किती वर्षं फेऱ्या मारल्या ते ऐकायला मिळतं. कुणी बॅन्जो काढतं. पुष्कळ घरांतले पुरुष स्वतः सुतारकाम जाणणारे असतात, फक्त पाठ किंवा दम साथ देत नाही. ते खुर्ची ओढून बसतात आणि मुलांना बसल्या जागेवरून शिकवतात. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं परत गेल्यावर आईवडिलांच्या घरातली गळती स्वतः काढू लागतात.

आता श्रद्धेचं. ख्रिस्ती माणसाला शास्त्रात घरदुरुस्तीचे दाखले शोधावे लागत नाहीत, ते सगळीकडे पडलेले आहेत. येशू सुताराच्या घरात वाढला आणि त्याच्या गावचे लोक त्याला सुतार म्हणूनच ओळखत. याकोबाच्या पत्रात उघड्या-उपाशी माणसाला नुसतं ‘जा, ऊब घे’ म्हणून पाठवणाऱ्यांना कडक शब्दांत झापलं आहे; कर्माविना विश्वास मेलेला, असा त्याचा रोख. पण या कामाच्या सगळ्यांत जवळचं मला वाटतं ते नहेम्याचं पुस्तक. यरुशलेमचा पडलेला कोट पुन्हा उभारला गेला त्याची हकीकत त्यात आहे. तिसऱ्या अध्यायात नुसती नावांची यादी आहे आणि वाचणारे ती बहुतेक वेळा ओलांडून पुढे जातात. त्या यादीत सोनार आहेत, सुगंधी द्रव्यं बनवणारा आहे, एका अधिकाऱ्याच्या मुली आहेत. कसबी गवंडी फारसे दिसत नाहीत. अनेकांच्या नावापुढे लिहिलं आहे की त्यांनी आपापल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला. एका गावच्या वरिष्ठांनी खांद्याला जू लावायला नकार दिला, याचीही नोंद आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा हजेरीपट मला फार जिवंत वाटतो. देवाच्या कामात कुणी किती हातांचा कोट उचलला, हे नावानिशी लिहून ठेवण्याइतकं महत्त्वाचं मानलं गेलं.

मराठी वाचकाच्या मनात इथे एक प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. छप्पर नीट करून देतात त्या बदल्यात काय मागतात? देऊळ बदलायला सांगतात का? अ‍ॅपलाचियात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो, कारण तिथली बहुतेक कुटुंबं आधीच ख्रिस्ती असतात, आणि शहरातून आलेल्या मुलांपेक्षा कैक पटींनी अधिक शास्त्र त्यांना तोंडपाठ असतं. दुपारी जेवणाच्या वेळी तुकडी प्रार्थना करते, घरच्यांना बसायचं असेल तर बसतात, नसेल तर नाही. या परंपरेतल्या जगभर पसरलेल्या ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेने तर मदतीच्या बदल्यात धर्मप्रचार करायचा नाही, असं धोरण लिखित स्वरूपात स्वीकारलेलं आहे. माझं स्वतःचं मत याहून कडक आहे. गरजेच्या वेळी माणूस नाही म्हणू शकत नसतो. अशा वेळी त्याच्यापुढे श्रद्धेचा सौदा ठेवणं हा श्रद्धेचाच अपमान आहे. असा सौदा करणारे कुठेच नसतील असं मी म्हणत नाही. ज्यांच्याविषयी हे पुस्तक आहे, त्यांच्यात मला तो दिसला नाही.

हे काम एका संस्थेचं किंवा एका पंथाचंही नाही. मेनोनाइट पंथाच्या लोकांनी १९५० साली कॅन्ससमधल्या हेस्टन गावी आपत्तीत मदतीला धावणारी संघटना सुरू केली. एकाचं कोठार जळालं की सगळी वस्ती मिळून ते उभं करायचं, ही त्या लोकांची आणि त्यांच्या आमिश भाऊबंदांची जुनी रीत, तीच पुढे पूर-वादळांच्या गावांपर्यंत गेली. वर्तमानपत्रवाले निघून गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही ही माणसं तिथे काम करताना दिसतात. टेक्सासमधल्या मिडलँड शहरात १९७३ साली चर्चमधल्या मंडळींनी वर्षातला एक दिवस ठरवून शेजाऱ्यांची घरं नीट करायला सुरुवात केली. त्यातून ‘रिबिल्डिंग टुगेदर’ ही देशव्यापी चळवळ झाली.

जॉर्जियातल्या कोइनोनिया या शेतवसाहतीची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगायला हवी. क्लॅरेन्स जॉर्डन शेतीशास्त्राचे पदवीधर आणि ग्रीक नव्या कराराचे अभ्यासक. १९४२ साली अमेरिकस गावाजवळ त्यांनी ही वसाहत सुरू केली. गोरे आणि काळे एकत्र राबणार, एका टेबलावर जेवणार. तो काळ आणि ती जागा लक्षात घेतली तर हे केवढं धाडस होतं ते कळेल. पन्नासच्या दशकात त्यांच्यावर बहिष्कार पडला, घरांवर गोळ्या झाडल्या गेल्या, रस्त्याकडेचं विक्रीचं दुकान स्फोटाने उडवलं गेलं. गावात कुणी माल घेईना, तेव्हा त्यांनी पेकान नावाचा सुका मेवा टपालाने देशभर विकून तग धरला. साठच्या दशकात मिलार्ड आणि लिंडा फुलर हे दाम्पत्य तिथे आलं. तरुणपणीच लक्षाधीश झालेल्या वकील मिलार्ड यांनी संसार मोडायला आल्यावर सगळी संपत्ती वाटून टाकली होती. जॉर्डन आणि फुलर यांनी मिळून आसपासच्या गरीब कुटुंबांसाठी बिनव्याजी, बिननफ्याच्या घरांची योजना आखली. पहिलं घर बांधून पुरं होण्याआधीच, ऑक्टोबर १९६९ मध्ये, जॉर्डन वारले. बार्बरव्हिलच्या चार घरांचं वर्षही तेच. १९७६ मध्ये फुलर दाम्पत्याने ‘हॅबिटॅट’ची स्थापना केली.

याच अमेरिकस गावापासून जवळ प्लेन्स आहे, राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचं गाव. सत्तेवरून उतरल्यावर ते आणि त्यांच्या पत्नी रोझलिन या कामात आले. १९८४ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या एका पडीक सहामजली इमारतीत स्वयंसेवकांसह काम केलं. आत नुसता सांगाडा उरलेल्या त्या इमारतीत १९ कुटुंबांसाठी घरं तयार झाली. माजी राष्ट्राध्यक्ष चर्चमध्ये झोपतो, ही बातमी झाली आणि हॅबिटॅटचं नाव घराघरांत पोचलं. पण कार्टर हे बातमीपुरते सुतार नव्हते. लाकूडकाम हा त्यांचा जन्मभराचा नाद होता, आणि प्लेन्सच्या चर्चमध्ये ते अगदी उतारवयापर्यंत रविवारची शाळा घेत राहिले.

इथे आपला महाराष्ट्र या गोष्टीत येतो. कार्टर यांच्या आई लिलियन या परिचारिका. १९६६ साली वयाच्या ६८ व्या वर्षी त्या पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून भारतात आल्या आणि विक्रोळीला राहून त्यांनी रुग्णसेवा केली. चाळीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्यांचा मुलगा आणि सून लोणावळ्याजवळच्या मळवलीला आले, आणि जगभरच्या व इथल्या स्वयंसेवकांबरोबर १०० घरांच्या कामात उतरले. ज्यांची घरं त्या कुटुंबांनीही विटा वाहिल्या. घर मिळणाऱ्याने स्वतःच्या हातांचे तास त्यात घालायचे, हा हॅबिटॅटचा नियमच आहे. आईच्या विक्रोळीच्या दिवसांचा कार्टर यांच्यावर किती खोल परिणाम होता, हे त्यांच्या लिखाणात वारंवार दिसतं. देणारा देश आणि घेणारा देश अशी जी विभागणी लहानपणी माझ्या मनात होती, ती इथे पार विरघळून जाते. अडुसष्टाव्या वर्षी इथे आलेली ती बाई जितकं देऊन गेली, तितकंच घेऊनही गेली.

शंका आहेत, आणि त्या लपवायच्या नाहीत. शेकडो मैलांवरून पोरं आणण्याऐवजी तेच पैसे गावातल्या सुताराला दिले तर काम लवकर आणि नीट होणार नाही का? कधी कधी नक्कीच होईल. मला विचाराल तर विजेचं, गॅसचं आणि पायाचं काम कधीही हौशी हातांत देऊ नये, आणि चांगल्या संस्था ते देतही नाहीत. शिवाय आठवडाभर गरिबी बघून, आपण किती भाग्यवान, एवढाच बोध घेऊन परतणारी मुलंही असतात. त्यांना काही मिळालं असेल, पण ते त्या घरमालकाच्या खर्चाने. यापेक्षा मोठी शंका जमिनीच्या मालकीची आहे. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी सहा राज्यांतल्या ८० काउंट्यांची, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांची, पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा तिथली प्रचंड जमीन आणि जमिनीखालची खनिजं बाहेरच्या मालकांच्या ताब्यात असल्याचं पुढे आलं. कोळसा बाहेर गेला, पैसा त्याच्यामागून गेला. कुजके वासे बदलून हे बदलत नाही. मान्य आहे. पण त्या ट्रेलरमधल्या बाईंना हिवाळा काढायचा होता, आणि जमिनीचा कायदा बदलेपर्यंत थांबायला सांगण्याचा अधिकार मला नव्हता. दोन्ही कामं करावी लागतील, आणि एकाचं नाव पुढे करून दुसरं टाळणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

अलीकडे या सगळ्याला वेगळंच वळण लागलं आहे. जुलै २०२२ च्या अखेरीस पूर्व केंटकीत रात्रभर पाऊस कोसळला. ब्रेथिट, नॉट, पेरी, लेचर या काउंट्यांतल्या हॉलरमधून पाण्याचे लोंढे आले, घरं पायासकट उचलली गेली आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. वर्षानुवर्षं दुरुस्त केलेली घरंही त्यांत होती. डोंगरमाथे कापून कोळसा काढलेल्या, झाडं उरली नाहीत अशा उतारांवरून पाणी अधिक वेगाने खाली येतं, असं तिथले लोक सांगतात आणि अनेक अभ्यासकही. त्यानंतर राज्य सरकारने उंचावर नव्या वसाहती वसवायला घेतल्या, आणि त्यातल्या काहींची जागा म्हणजे खाणकामाने सपाट झालेले तेच डोंगरमाथे. ज्या कामाने खालच्या दऱ्या धोक्यात आल्या त्यानेच वर घरं बांधण्याजोगी सपाटी करून ठेवली.

मग आता खालच्या घराची जमीन बदलावी की त्या माणसाला वर जायला सांगावं? स्वयंसेवकांच्या गटांत यावर खडाजंगी चालते. काही तुकड्या वरच्या वसाहतींत नवी घरं बांधायच्या कामाला लागल्या आहेत. काही खालची घरं उंच जोत्यावर चढवून देतात. तरीही कुटुंबाची कबरस्तानं, परसातली भाजी, पलीकडच्या वळणावरचा भाऊ, हे सोडून वर जायला तयार नसलेली माणसं आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. ओसरीवर बसून ऐकून घ्यावं लागतं, आणि पुष्कळदा शेवटी त्यांना हवी ती दुरुस्तीच करून द्यावी लागते. पुराच्या आधी सुरू केलेलं हे लेखन त्यामुळे मला मधेच थांबवून पुन्हा नव्याने मांडावं लागलं. पहिल्या भागात २०२२ च्या आधीची घरं आहेत, दुसऱ्यात नंतरची. वर गेलेले आणि खाली राहिलेले, दोघेही त्यात बोलतात, आणि त्यांच्यातलं कुणाचं बरोबर, हे मी ठरवलेलं नाही.